इरप्पाची रास

अक्कलकोटच्या पलीकडं, फाट्यावरून गावात जाणाऱ्या वाटेवर दगडांची एक मोठी रास आहे. निजामाची हद्द जवळच होती, त्या काळात इरप्पा दरोडेखोर अलीकडं लुटायचा आणि रातोरात पलीकडं पसार व्हायचा. शेवटी लोकांनी त्याला इथंच गाठून ठेचून मारलं. तेव्हापासून वाटसरूनं राशीवर एक दगड भिरकावायचा, नाहीतर इरप्पा मागं लागतो, अशी रीत पडली.

मेंढरं राखत म्हातारी झालेली गौरम्मा ही इरप्पाची नात. गावातच दिलेली. सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण आता कोणी तो विषय काढत नसे.

त्या दिवशी तिची नात ऋतुजा हिला बघायला पाहुणे यायचे होते. ऋतुजा सोलापुरात नर्स. मुलगा तिनंच पसंत केलेला; अडलं होतं ते त्याच्या आजीच्या होकारावर. ही आजी, काशम्मा, एसटीनं पुढं येणार होती. गौरम्मा तिला आणायला निघाली तेव्हा लेकानं, शिवशरणनं, बजावलं, “आई, वाटंत त्या इरप्पाचं काय काढू नको. लगीन मोडंल.”

“मग माजं त्वांड शिवून दे की,” म्हणत ती गेली.

परतताना राशीपाशी काशम्मानं आपणहून दगड उचलला. गौरम्मानंही उचलला, आणि नेहमीच्या सवयीनं वाकून हळूच राशीवर ठेवला.

काशम्माचा हात थांबला. “ठेवला व्हय? समदी फेकत्यात की.”

खांदा दुखतोय, असं म्हणता आलं असतं. ऋतुजाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पण खोटं काही जिभेवर येईना.

“माजा आज्जा हाय त्यो,” गौरम्मा म्हणाली.

“किती मारली त्यानं?”

“दोन. येक कापडवाला, येक गाडीवान. गाडीवान तर हात जोडून बसला हुता म्हणं.”

“आन तरी ठेवता?”

“त्याला मारलं ते बरुबरच केलं. पर समदी फेकत्यात, येकानं तरी ठेवावा वाटतं.”

काशम्मानं दगड जोरात भिरकावला. “ह्यो त्या गाडीवानाचा!” मग पदराला हात पुसत म्हणाली, “लपिवलं असतं, तर आल्या पावली फिरले असते. चला, चा पाजा. पोरगी बगू द्या.”

तिचा दगड घरंगळून वाटेवर आला होता. गौरम्मानं तो उचलून राशीवर ठेवला आणि भराभर विहिणीला गाठलं.