तानूकाकूच्या गडूला ओठ नको

पाणपोईवर बसणाऱ्याला गोष्टी शोधायला जावं लागत नाही. माणूस पाणी पितो, हुश्श करतो, आणि हुश्श केलेल्या माणसाच्या तोंडातून काही ना काही बाहेर पडतंच. मिरज स्टेशनासमोरच्या लिंबाखाली मी लढाईच्या दिवसांतले उन्हाळे पाणी पाजण्यात घालवले. तिथल्या गोष्टी इतक्या साचल्यात, की भावाची नातवंडं आता मी तोंड उघडायच्या आत शेवट सांगून मोकळी होतात. म्हणून लिहूनच टाकते. लिहायला मला कुणी शिकवलं नाही. स्टेशनची पाटी आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. चुका सापडल्या तर स्टेशनमास्तरकडे तक्रार करावी.

सुरुवात झाली मारुतीच्या देवळातून. आमचं बायकांचं भजनी मंडळ होतं. एकदा बुवा कीर्तनात म्हणाले, की तहानलेल्याला पाणी पाजलं तर तो देवालाच अभिषेक. झालं! पाडव्याला मांडव घातला, रांजण बसले, त्यांना ओली पोती गुंडाळली. पहिल्या दिवशी पुण्य घ्यायला इतक्या बायका जमल्या, की तहानलेल्या माणसाला रांजणापर्यंत वाट सापडेना. चैत्र सरता सरता एकीची कंबर धरली, एकीची सासू आजारी पडली, एकीचं लोणचं घालायचं राहिलं. वैशाखात दोघीच उरलो. तानूकाकू आणि मी.

मी का उरले? तर मी नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आलेली, मला वेळच वेळ. लोक म्हणायचे, गोदीला नवऱ्यानं टाकली. साफ खोटं. मी टाकला.

* * *

तानूकाकू का उरली, ते मात्र नीट सांगायला हवं.

तिचा एकुलता एक पोरगा, महादू, पलटणीबरोबर समुद्रापार गेलेला. गेला तो गेलाच, कसली खबर नाही. काकूचं माहेर म्हसवड. ती सिद्धनाथाला गेली, देवापुढं नवा पितळी गडू ठेवला आणि नवस बोलून आली. परत आल्यावर गडू पदराखालून काढून तिनं मला सगळं ऐकवलं.

"पोरगं घरला येस्तवर ह्या गडूनं पाणी पाजीन. माझ्या फुडनं कुणी तहानलेला माघारी जाणार न्हाई. आन गडूला कुणाचा ओठ लागू देणार न्हाई. लागला, की नवस मोडला."

आणि नवस मोडला, की पोरगा गेला. हे ती बोलली नाही, पण गडू धरलेल्या हाताकडं बघून कळत होतं.

तर आमच्याकडं पाणी मिळायचं ते वरून. हनुवटीखाली ओंजळ धरायची, काकू हातभर उंचीवरून धार सोडणार. ब्राह्मण असो, मांग असो, मुसलमान असो, जात विचारायची नाही, धार मात्र सगळ्यांना वरूनच. माझं तिच्याशी रोज भांडण व्हायचं. मी म्हणायची, काकू, माणसाला पाणी पाजायचं आणि माणसाचा ओठ तेवढा नको, हा कुठला न्याय? ती म्हणायची, तुला पोर न्हाई, तुला न्हाई कळायचं. हे बोलणं मला लागायचं. पण ते बोलताना तिची धार कधी हलायची नाही, आणि मला त्याचंच जास्त कौतुक.

* * *

नवसाच्या पहिल्याच आठवड्यात इंजिनवरचा कोळसा टाकणारा एक आडदांड गडी धावत आला आणि सरळ गडूवर झडप घालून तोंडाशी न्यायला लागला. काकू साठीकडं झुकलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी. तिनं असा हिसका दिला, की गडूचा काठ त्याच्या हनुवटीवर बसला.

"आगं म्हातारे, पाणी मागितलंय, मार न्हाई!"

"पाणी देतीयाच की. वंजळ कर."

बिचाऱ्यानं केली. हात कोळशानं काळे ठिक्कर. पाणी ओंजळीत पडायचं पांढरं आणि खाली गळायचं काळं. काकू ओतत राहिली, ओतत राहिली, तळव्यांचा खरा रंग दिसेपर्यंत, आणि मग म्हणाली, आता पी. तो पोटभर प्याला, हनुवटी चोळली आणि गाडीकडं पळता पळता ओरडला, "मिरजंत आंघूळबी मिळती, सांगतो समद्यांस्नी!"

* * *

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या पलीकडं दुसरी पाणपोई निघाली. ती काढली इमामचाचांनी. हे तंबोरे करणारे. दाढी पांढरी, नखांत कायम लाखेचे कण. पाणी पाजणं हे त्यांच्याही धर्मात मोठं पुण्य, त्यात आमचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी माठात वाळा टाकला, आणि येणारी माणसं वासानं तिकडं वळायला लागली.

काकूचा जीव खालीवर. गिऱ्हाईक गेल्यासारखी बसली. शेवटी मला म्हणाली, "गोदे, जा बरं, पिऊन ये. खरं सांग."

मी गेले. चाचांनी जस्ताच्या कटोऱ्यात पाणी दिलं. मी कटोरा ओठाला लावून प्याले, दोनदा मागून घेतलं आणि परत येऊन सांगितलं, की काकू, पाणी लई गोड आहे. काकूनं गडू पदरानं पुसला. मग म्हणाली, "आसंल. पर कटोरा उष्टा हाय."

थोड्याच दिवसांत आमचं रांजणातलं ओगराळं तुटलं. दुकानं बंद, समोर रांग उभी. इमामचाचा रस्ता ओलांडून आले, हातात लांब मानेचा वाळका भोपळा, अर्ध्यातून कापून घासूनपुसून साफ केलेला. म्हणाले, "बाई, ह्याचा तंबोरा व्हायचा होता. आता पानी काढा ह्यानं. भोपळ्याला काय, तिकडं बी सेवाच हाय आन हिकडं बी."

काकूनं भोपळा घेतला, राख लावून घासला, पुन्हा घासला. दुसऱ्या दिवशी आमच्या रांजणातही वाळा होता. कुठून आला, मी विचारलं नाही. रस्ता ओलांडून यायला त्याला पाय नव्हते, एवढं मला माहीत.

* * *

सेवा म्हटली, की पाटी आली. गावातले एक शेटजी, त्यांनी मांडवावर पत्रे घालून देतो म्हणून कळवलं, आणि पत्र्यांच्या आधी पाटी पाठवली. चांगली सागवानी, रंगवलेली. काकूला अक्षर येत नव्हतं. तिनं मला वाचायला सांगितलं. मी वाचली: शेटजींच्या वडिलांचं नाव हे एवढं, आजोबांचं एवढं, स्वतःचं सगळ्यांत मोठं.

काकू म्हणाली, "आन पाणी कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, पाणी नाही लिहिलेलं.

तिनं पाटी उलटी करून बघितली, बोटानं जाडी चाचपली, आणि मोठ्या रांजणावर झाकण म्हणून ठेवून दिली. बरोब्बर बसली. शेटजी बघायला आले तेव्हा नाव खालच्या अंगाला, पाण्याकडं तोंड करून. ते रागावून निघाले, तर काकू म्हणाली, "आवं, रागावताय कशापायी? तुमच्या वडलांस्नी समद्या मिरजंत सगळ्यात गार जागा दिलीया."

पत्रे काही आले नाहीत.

* * *

मला मात्र ह्या कामानं धडा शिकवला तो एका टांगेवाल्याकडून. बाबू त्याचं नाव. रोज दुपारी यायचा, दोन ओंजळी प्यायचा आणि तोंड पुसत म्हणायचा, "पाणी गरम हाय." रोज! चांगलं म्हणू नकोस बाबा, पण निदान गप्प तरी जा. मी एकदा फणकारून म्हटलं, की फुकटचं पितोस आणि वर नावं ठेवतोस? काकूनं मला गप्प केलं आणि त्याच्या घोड्यालाही बादली लावली. मला म्हणाली, "घोडं कुठं उपकार मानतंय? त्येला पाजतीस न्हवं?"

त्या वैशाखात आमची विहीर आटली. सकाळी जाऊन बघितलं तर तळाशी नुसता चिखल. काकूचा चेहरा गडूसारखाच पिवळा पडला. कुणी तहानलेला माघारी जाणार नाही, हा तिचा शब्द होता. ती रिकाम्या रांजणाशेजारी बसून राहिली.

ऊन चढलं, आणि बाबूचा टांगा आला. आत सवारी नाही, पाण्याचे डबे. कृष्णेवरून भरून आणलेले. विहीर भरेपर्यंत, म्हणजे पाऊस पडेपर्यंत, रोज आणले. मी म्हटलं, हा माणूस किती थोर, आणि मी त्याला काय काय बोलले. पहिल्या दिवशी रांजण भरला, काकूनं त्याच्या ओंजळीत धार सोडली, तो प्याला, तोंड पुसलं.

"आज त्येवढं गार ठिवा," म्हणाला.

* * *

स्टेशनावर शिपायांच्या गाड्या यायच्या. खाकीतला कुणीही ओंजळ धरून उभा राहिला, की काकू धार सोडता सोडता विचारायची, "आमचा महादू दिसला का रं? म्हादू. उजव्या भिवईवर डाग हाय."

पोरं आपल्याच भागातली. म्हातारीला नाही कशी म्हणतील? एकजण म्हणाला, दिसला की, बसऱ्याला. दुसरा म्हणाला, परवाच भेटला, ब्रह्मदेशात. तिसऱ्यानं त्याला आसामात जेवताना पाहिलं होतं. एकाच्या सांगण्यात महादू उंच, दुसऱ्याच्या सांगण्यात बुटका. मला राग यायचा, वाटायचं एकेकाला धरून विचारावं, की अरे लबाडा, खरंच पाहिलास का? पण काकू प्रत्येकाला एक ओंजळ जास्त पाजायची आणि संध्याकाळी भांडी घासताना म्हणायची, "लय फिरवत्यात गं माझ्या पोराला. दमला आसंल."

मी हं म्हणायची. माझ्यासारखी फटकळ बाई नुसतं हं म्हणायची!

* * *

आता एकच शिपाई सांगायचा राहिला.

शुक्रवार होता, भर दुपार. इमामचाचा नमाजाला गेलेले, त्यांची पाणपोई झाकलेली. सातारच्या गाडीतून एक शिपाई उतरला आणि आमच्या रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा काकूनं नेहमीप्रमाणे गडू उचलला आणि म्हणाली, "वंजळ कर, बाळा."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून पुढं नुसत्या पट्ट्या, लाकडाच्या ओंडक्यासारख्या.

काकू म्हणाली, बरं, आ कर, वरून घालते. त्यानं मान वर करायला बघितलं, पण मानही भाजलेली, तिलाही पट्ट्या. धार हनुवटीवर पडली, थोडी नाकात गेली. तो ठसकला. खोकता खोकता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आई. घरला जाऊन पितो." आणि वळायला लागला.

"थांब," काकू म्हणाली. तो थांबला. पण तीही तशीच थांबली, गडू हातात धरून.

मी म्हटलं, काकू, मी चाचांचा कटोरा आणते, तू हलू नकोस. रस्ता ओलांडला, झाकण काढलं, कटोरा घेतला आणि धावत आले.

काकूनं डाव्या हातानं त्याच्या मानेला मागून आधार दिला होता, आणि गडू त्याच्या ओठाला लावला होता. तो घटाघटा पीत होता.

"काकू, अगं, कटोरा आणलाय की मी!"

"गप. पितुया त्यो."

गडू रिकामा झाला. तिनं भोपळ्यानं पुन्हा भरला, पुन्हा लावला. त्याचं पिऊन झालं तेव्हा तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, पट्टीवर सांडलेलं टिपून घेतलं. ज्या बाईनं खाकीतला एक माणूस विचारल्याशिवाय सोडला नव्हता, तिनं ह्याला काहीच विचारलं नाही. तोच म्हणाला, येतो आई. ती म्हणाली, सावकाश जा.

त्याच्या मागं बाबू टांगेवाला उभा होता. सगळं बघितलेलं. त्यानं मुकाट्यानं खाली वाकून हनुवटीखाली ओंजळ धरली.

काकूनं गडू भरला आणि त्याच्या पुढं केला.

"वंजळ सोड रं," म्हणाली. "धर गडू."