कोरा शीरखुर्मा

"थोडं हिंदी टाका हो, नाहीतर बाई मुसलमान आहे हे लोकांना कळणार कसं?"

दिग्दर्शक फोनवर बोलत होते. पलीकडं मुंबईत मालिकेचे संवादलेखक. मी कॅमेऱ्याच्या पायाशी, मांडीवर संवादांची पानं घेऊन बसले होते. सरांनी ते कुणाला ऐकू जावं म्हणून म्हटलं नव्हतं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनही नव्हतं. लाईट हलवणारी मुलं लाईट हलवत राहिली. मी पानं सारखी केली. ती आधीच सारखी होती.

लासूर स्टेशनच्या अलीकडं, शेतातल्या एका नव्या बांधलेल्या घरात हे शूटिंग चाललं होतं. कॉलेजात मी पत्रकारिता शिकत होते. युनिटला स्थानिक, मराठी भराभर वाचणारी मुलगी हवी होती म्हणून आमच्या मॅडमनी मला पाठवलं. कॉन्व्हेंटची मुलगी आणि देवनागरी न अडखळता वाचते, याचं तिथं सगळ्यांना नवल. त्यात नवल काही नव्हतं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत मला इंग्रजीत बोलायची सक्ती होती आणि घरी आल्यावर शुद्धलेखनाची.

माझं काम प्रॉम्प्टिंगचं. रोजच्या मालिकेत पानं सकाळी फोनवर येतात, छापली जातात आणि दुपारी त्यातला सीन होतो. पाठांतराला कुणाला वेळ नसतो. म्हणून कॅमेऱ्याखाली बसून एकानं वाक्य पुढं पुढं म्हणायचं आणि नटानं ते उचलून आपलं करून बोलायचं. माझा आवाज मुळात बारीक. सहायक दिग्दर्शक, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, पानांना ऐकू जातंय, माणसांना नाही." दुसऱ्या दिवशी, "घशात मांजर बसलंय का? त्याला दूध पाजा." मी हसायचे आणि आवाज थोडा वाढवायचे. दोन वाक्यांनंतर तो परत खाली यायचा.

त्यांना माझ्याबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. मी लपवली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. आमचं आडनाव मराठवाड्यात हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांत आहे, जुन्या वतनदारीतून आलेलं. घरचं हाक मारायचं नाव दोन अक्षरी, ते कुणाचंही असू शकतं. आई साडी नेसते, मी कुर्ता-जीन्स घालते. लोक आपापल्या सोयीनं समजून घेतात आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आहे. कंटाळा म्हणते मी. दुसरा शब्द भीती असेल, पण तो मी घरातसुद्धा वापरत नाही.

एका माणसाला मात्र कळलं होतं. जनरेटर सांभाळायला लासूरचेच एक चाचा होते. एकदा जनरेटरच्या आडोशाला मी फोनवर म्हटलं, "हां अम्मी, आ रइ मैं," आणि वळले तर ते डिझेलचा डबा घेऊन उभे. त्या दिवसापासून चहा आला की मला आधी विचारायचे, "चाय ली क्या बेटा?" इतकंच.

तर त्या दुपारचा सीन असा होता. नायिकेच्या सासूकडं शेजारची मुसलमान बाई ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन येते. पानावर तिचं वाक्य होतं, "भाभीजान, आज हमारी ईद हाय, हम तुमको शीरखुर्मा खिलायेगा!" त्याआधी कंसात लिहिलं होतं: आदाब करते.

मालिका मला नव्या नव्हत्या. लहानपणी गृहपाठ झाला की मी आणि अम्मी एकत्र बघायचो. त्यातल्या आमच्यासारख्या लोकांची मी मनात नोंद ठेवायचे. ते ईदला वाटी घेऊन यायचे, नाहीतर नायकाला रक्त द्यायला दवाखान्यात यायचे. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, दर वाक्याला "या अल्ला". कोथिंबीर महाग झाली, पोरगी अभ्यास करत नाही, गुडघा दुखतोय, असल्या कारणानं त्यांच्यातलं कुणी कुणाच्या दारात कधी आलं नाही. अम्मी वह्या तपासता तपासता वर बघायची आणि म्हणायची, "ह्यांना शाळेत मराठी कुणी शिकवलं? माझ्याकडं धाडा." आणि परत लाल पेनानं खुणा करायला लागायची. तिला त्याचं वाईट वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं.

शहरात, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहतात. अम्मीची आणि त्यांची मैत्री माझ्या जन्माआधीची. काकूंच्या सासूबाईंना आमच्या घरचं शिजवलेलं चालायचं नाही. त्यावर दोघींनी तोडगा काढला होता. ईदच्या सकाळी अम्मी स्टीलच्या ताटात कोऱ्या शेवया, साखर, खारीक, चारोळी, बदाम मांडायची, दुधाची पिशवी ठेवायची आणि वरून क्रोशाचा रुमाल घालून मला पलीकडं पाठवायची. आमच्यात याला कोरा शीरखुर्मा म्हणतात. पलीकडं तो शिजायचा, देवघरासमोरच्या खोलीत सगळे खायचे. ताट परत येताना रिकामं यायचं नाही. लिंबं, मूठभर साखर, एखादी करंजी, काहीतरी असायचंच.

सासूबाई वारल्या. ताट तसंच जात राहिलं. कोरंच. वर्षामागून वर्षं. एका ईदला मी ताट घेऊन गेले तर काकूंनी रुमाल उचलला, शेवयांकडं पाहिलं आणि ताटासकट माझ्यामागं आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

"मास्तरीणबाई, सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली? अजून मलाच शेवया भाजायला लावता व्हय?"

अम्मीच्या हातात कलथा तसाच. "मला वाटलं, तुम्हाला चालत नाय."

"आन् मला वाटलं, तुमच्यात असंच द्यायची पद्धत असंल. दर ईदला उन्हाचं शेगडीपुढं उभी राहते मी, आन् इथं एवढा पातेलंभर तयार!"

दोघी अशा हसल्या, की अब्बा पेपर खाली ठेवून बघायला आले. काकूंनी तिथंच ओट्याला टेकून वाटी संपवली आणि दुसरी मागितली. मी दाराच्या चौकटीत उभी होते. इतकी वर्षं दोघी एकमेकींचा मान राखत होत्या, आणि विचारायला तेवढ्या विसरल्या होत्या.

हे सगळं मला त्या दुपारी कॅमेऱ्याखाली आठवत होतं, कारण समोर शेजारणीचं काम करणाऱ्या बाई अडल्या होत्या. त्या नाटकातून आलेल्या, वयानं अम्मीएवढ्या. हिरवा चमकीचा दुपट्टा आणि भरपूर सुरमा घालून त्या दारात उभ्या राहिल्या. मी वाक्य दिलं, त्यांनी उचललं आणि मध्येच थांबल्या.

"सर, हे माझ्या तोंडात बसत नाही. शेजारी वीस वर्षं राहिलेली बाई आहे ना ही? मग अशी काय बोलतेय, काल परदेशातून आल्यासारखी?"

"ताई, लेखकाशी बोललोय मी. ओळख पटायला पाहिजे लोकांना."

"कुणाची ओळख? माझी तर मलाच पटेना."

दादा घड्याळाकडं बघत म्हणाले, "ऊन चाललंय, सर."

बाई सुरमा पुसला जाणार नाही अशा बेतानं डोळ्याचा कोपरा टिपत म्हणाल्या, "इथं कुणी असेल ना त्यांच्यातलं? विचारा की. घरात कशा बोलतात एवढंच सांगा मला."

कुणीतरी चाचांना हाक मारली. ते हात पुसत आले. त्यांना वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं.

"चाचा, तुमच्या घरी बाई माणूस असंच बोलतं का?"

"सायेब, आमच्या घरात बाई माणूस बोलतं आन् मी ऐकतो. काय बोलतं त्याच्याकडं ध्यान द्यायची मला परवानगी नाय."

सगळे हसले. चाचाही हसले आणि हसता हसता एकदाच माझ्याकडं बघून लगेच नजर दुसरीकडं नेली. त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते माझ्याकडंच ठेवलं.

त्या क्षणी गप्प राहणं अगदी सहज होतं. सीन पानावर होता तसा झाला असता. पुढं एका संध्याकाळी अम्मीनं तो बघितला असता, "माझ्याकडं धाडा" म्हणाली असती आणि वहीकडं वळली असती. फक्त यावेळी ते वाक्य त्या बाईंच्या तोंडात माझ्या आवाजातून गेलं असतं. हे मला जमेना.

पुढचं इथंच सांगून टाकते. तो सीन प्रसारित झाला तेव्हा काकूंनी भिंतीपलीकडून आरोळी ठोकली, "मास्तरीणबाई, या लवकर, तुम्ही टीव्हीत आलात!" अम्मी पूर्ण सीन पेन खाली ठेवून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "दुपट्टा लई चमकत होता. ईदला शेगडीपुढं असलं कोण घालतं?" बाकी काही नाही. पण त्या रात्री तिनं माझ्या ताटात न विचारता जास्तीची पोळी वाढली. मालिकेत ती शेजारीण नंतरही आली. एकदा कुकरची रिंग मागायला, एकदा नायिकेच्या सासूला बँकेत सोबत म्हणून. आदाब नाही, सुरमा नाही. संवादलेखकांचा मला एकदा फोन आला. मुसलमान बायका गुडघेदुखीला काय लावतात, असं त्यांनी फार जपून विचारलं. मी म्हटलं, तुमची आई जे लावते तेच. ते आधी गोंधळले, मग हसले, आणि मग म्हणाले, "लिहून घेतो."

दुपट्टा मात्र त्या दिवशी बदलता आला नाही.

तर मी उभी राहिले. मांडीवरची पानं खाली पडली आणि दादा म्हणाले, "आता काय झालं?"

"मी सांगते," मी म्हटलं. "मी आहे त्यांच्यातली."

कुणी दचकलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. एक लाईटवाला मुलगा नुसताच, "अच्छा?" म्हणाला आणि वायर गुंडाळत राहिला. सर माझ्याकडं बघत राहिले. बाई दारातून दोन पावलं पुढं आल्या.

"मग तुझी आई काय म्हणाली असती गं? ह्या दारात, ही वाटी घेऊन?"

मी कोऱ्या शीरखुर्म्याचं सांगितलं. अडखळत, मध्येच इंग्रजीत शिरत, पण सांगितलं. ताट, रुमाल, सासूबाई, आणि दोघींची ती इतक्या वर्षांची चूक. बाईंनी ऐकता ऐकता हातातली वाटी दोन्ही हातांनी धरली. सरांनी खिशातून फोन काढला, लेखकांना लावायला गेले आणि परत खिशात ठेवला.

"एकदा असं करून बघू," ते म्हणाले. "तू वाक्य दे. आणि मोठ्यानं."

मी कॅमेऱ्याखाली बसले. पानं घेतली नाहीत. जनरेटरची घरघर चालू होती, तिच्यावरून आवाज न्यायचा होता. बाई माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या, आणि मी म्हटलं, सगळ्या घरभर ऐकू जाईल असं म्हटलं:

"वहिनी, यंदा शिजवूनच आणलाय, कोरा नाय. गरम हाय तवर खाऊन घ्या. आन् वाटी रिकामी धाडू नका."