हात कुठून जाणार?

"बेटा, पाइप तर निघून जाईल, पण कसणाऱ्याचा हात कुठून जाणार?"

आमचे साहेब हे दिवसातून निदान दहा वेळा म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःचा उजवा हात हवेतल्या कुठल्यातरी अदृश्य फटीत घालून दाखवायचे.

आमचं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही हाडवैद्य होतो. परदेशात कुठेतरी इमारत व्हायची असते. तिचे खांब, तुळया, सळया आम्ही बुऱ्हाणपुरात बसून आधी कॉम्प्युटरमध्ये उभ्या करतो. मग पाइपवाल्यांचं मॉडेल त्यात मिसळायचं, की काय कशाला धडकतंय त्याची यादी कॉम्प्युटरच देतो. यादी शून्यावर आली की जगभर टाळ्या वाजतात. आमच्या साहेबांचा चेहरा मात्र सुतक लागल्यासारखा व्हायचा.

ऑफिस पॉवरलूमच्या वरच्या मजल्यावर. खाली माग सुरू झाले की टेबलावरचा चहा थरथरायचा. मीटिंगमध्ये गोऱ्या मंडळींनी आवाजाबद्दल विचारलं, की साहेब गंभीरपणे सांगायचे, जनरेटरची चाचणी चालू आहे. ती चाचणी मी येण्याआधीपासून चार वर्षं चालू होती.

हाताला जागा उरली का ते यादी सांगत नसे, म्हणून शून्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि कोपऱ्यात फ्रीजचं एक रिकामं खोकं ठेवलेलं असे. तुळई आणि पाइप यांच्यात जेवढी जागा, तेवढं भोक त्याला पाडायचं आणि पाना घेऊन आत हात घालून बघायचं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी खोक्यात पाना फिरवत बसे. आईला फोनवर सांगायचो, डिझाइनचं काम आहे.

एकदा साहेब केळीच्या कापणीसाठी दोन दिवस बहादरपूरला आपल्या शेतावर गेले. इकडे एका हॉस्पिटलचं मॉडेल पाठवायचं होतं आणि यादी काही संपेना. पण मी पडलो हुशार. पन्नास मिलिमीटरपर्यंत एकमेकांत घुसलं असेल तर ती टक्कर मोजूच नकोस, असं मी कॉम्प्युटरला सांगितलं. बिचाऱ्याने ऐकलं. यादी शून्य झाली, मी ती साहेबांच्या नावाने पाठवली आणि सगळ्यांना मावा जिलबी खिलवली.

काही महिन्यांनी कळलं, की तिकडे पाण्याचा पाइप तुळईला अडला आणि भरलेलं काँक्रीट फोडावं लागलं. मुख्य ऑफिसची माणसं टाय लावून स्क्रीनवर आली. काम कोणाचं, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. ती गेली असती तर मी घरी तोंड दाखवू शकलो नसतो, म्हणून तोंड मिटून बसलो.

"नाव माझं आहे," साहेब म्हणाले. "चूक माझी."

पुढच्या आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी झाली. टीमला नवा प्रमुख हवा होता. कंपनीने बराच विचार करून माणूस निवडला. मलाच. माणसं पारखण्यात आमच्या कंपनीचा हात कोणी धरणार नाही.

कबुली द्यायला मला वर्ष लागलं. बहादरपूरला गेलो तेव्हा साहेब शेतात ठिबकचा व्हॉल्व्ह कसत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"पन्नास ठेवलं होतंस ना? मीटिंगच्या आधीच मी फाइल खोलून पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तुझं तर अभी सुरू झालं होतं, बेटा. माझी केळी आहे ना इथं."

मला इतकी लाज वाटली, की चहा न घेताच निघालो. नंतर जाईन जाईन म्हणत राहिलो.

गेल्या थंडीत साहेब वारले. दिवस झाल्यावर गेलो, तर त्यांचा भाऊ केळीला पाणी सोडत होता. साहेबांनी बांधलेला व्हॉल्व्हचा खड्डा बांधाजवळ तसाच होता. मी गुडघ्यावर बसून आत हात घातला. व्हॉल्व्हच्या चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा होती. हात कोपरापर्यंत सहज गेला, आणि मी तो बराच वेळ तिथेच ठेवला.