सात दिवसांची किल्ली

आमच्या गल्लीतील महादेवाच्या पूजेची पाळी सहा घरांत फिरते. सोमवारी सकाळी ज्याचा आठवडा संपतो, तो गाभारा धुतो, निर्माल्य उचलतो, तांब्या-ताम्हण चिंचेने घासून पालथे घालतो आणि किल्ली पुढच्या घरी नेऊन देतो. आधीच्याचे बेलाचे एक पानही पुढच्याच्या दृष्टीस पडता कामा नये. हा नियम मला कोणी शिकवल्याचे स्मरत नाही. अमरावतीच्या या गल्लीत जन्मलो, त्या अर्थी तो येत असावा. अकोल्यात माझी जी फजिती झाली तिचे मूळ या नियमात आहे, म्हणून तो आधी सांगून ठेवतो.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी प्रोग्रॅम लिहावयास शिकलो. शिकवले माझ्याच एका विद्यार्थिनीने. ती आता अकोल्यात संगणक शिकवते. एके काळी मी तिच्याकडून धातुरूपे घोकून घेतली होती. आता ती फोनवरून माझ्या चुका काढू लागली आणि त्या मला गोड वाटू लागल्या. पहिला प्रोग्रॅम मी महादेवासाठी लिहिला. कोणाच्या घरी सुतक आले की पूजेची पाळी पुढच्या घरी जाते, ते घर गावाला गेलेले असले की त्याच्याही पुढच्या. यावरून गल्लीत दर वर्षी रुसवेफुगवे होत. माझा प्रोग्रॅम सहा घरांची यादी पाही आणि या सोमवारी किल्ली कोणाकडे, हे निःपक्षपातीपणे सांगे. यंत्रावर कोणी रुसले नाही.

वऱ्हाडातील प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा एक गट आहे आणि समाजमाध्यमावर त्या गटाचे एक सामाईक खाते आहे. दर सोमवारी ते नव्या यजमानाच्या हाती जाते. त्याने सात दिवस आपल्या कामाविषयी लिहायचे, विचारतील त्यांना उत्तरे द्यायची आणि मग पासवर्ड पुढच्याला सोपवायचा. खात्याची व्यवस्था माझी विद्यार्थिनी पाहते. तोवरचे सारे यजमान मोठ्या कंपन्यांत नोकरी करणारे होते. तिने माझे नाव सुचवले तेव्हा गटातील एक हुशार तरुण, जो स्वतः घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचे काम करतो, स्पष्टच बोलला. ते तिनेच मला हसत हसत ऐकवले.

"म्याडम, सरांचा मान हाय मले. पन खातं त्यांच्या हाती गेलं का रोज सकाळी गुलाबाचं फूल आन् सुप्रभात!"

"येक आठवडा द्या," ती म्हणाली होती. "रविवारी सगळे मिळून वाचू. वाचन्यासारखं नसलं तं मी हे खातं सांभाळनं सोडतो. मंग बसा तुमी कंपनीवालेच."

यजमानपदाच्या रांगेत माझ्यामागे दोघे उभे होते: अंजनगाव सुर्जीच्या एक बाई, ज्यांनी पानमळ्याला पाणी देण्याच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम केला होता, आणि तिवशाच्या वाचनालयातील एक कारकून. माझा आठवडा फसला तर या दोघांचे दार लागणार होते आणि तिचा शब्द खाली पडणार होता. हे ऐकून मला भीती वाटावयास हवी होती. वाटला तो हर्ष. या वयात कोणी आपल्यावर पैज लावावी, हे भाग्य थोडे का?

सोमवारी स्नान-संध्या आटोपून मी संगणकापुढे बसलो. लिहिण्यापूर्वी मजकूर तीनदा मोठ्याने म्हणावयाचा ही माझी जुनी सवय. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, कोनाशी बोलून राहिले?"

"लोकांशी."

"कुठी हायेत लोक?"

"आता येतील."

"मंग च्या किती जनांचा मांडू?"

दुपारी तिला या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर चहाचे पातेले पुरले नसते. मी किल्लीची हकीकत लिहिली, प्रोग्रॅमच्या ओळी लिहिल्या, आणि लोक आले! कोणी विचारी, दोन घरी एकदम सुतक आले तर? कोणी विचारी, चुकलेली पाळी त्या घराला परत मिळते का? मी प्रत्येकास 'आपणांस नमस्कार' असे आरंभून उत्तर देई. फोन टुणटुण वाजे आणि माझे मन आरतीच्या वेळी टाळ हाती आलेल्या मुलासारखे होई. बुधवारी मी जेवावयाचे विसरलो. पत्नीने ताट संगणकाच्या कळफलकावरच आणून ठेवले, तेव्हा खात्यावर माझ्या आज्ञेवाचून चार-पाच विचित्र अक्षरे उमटली. त्यांनाही लोकांनी दाद दिली.

गुरुवारी एकाने विचारले, "सर, सहाही घरं येकाच भावकीची असली तं?"

हे मला सुचलेच नव्हते. आमच्या गल्लीत भावक्या तीन आहेत. एकाच भावकीत मृत्यू झाला तर सुतक सगळ्यांनाच. मी तशी यादी करून प्रोग्रॅम चालवला. तो पहिल्या घरी गेला, तेथे सुतक. दुसऱ्या घरी, तेथेही. सहाव्याहून पुन्हा पहिल्या. बिचारा दारोदार फिरतच राहिला. संगणकाचा पंखा घरघरू लागला आणि मी एकटाच खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसलो. ती चूक मी जशीच्या तशी खात्यावर लिहिली. त्यावर तर जत्राच लोटली. "आमच्याकडे असंच झालतं, महादेव दहा दिवस शेजाऱ्याकडे होता," असे एकाने कळवले, आणि उपाय सापडला. मी यादीत सातवे घर घातले: भावकीबाहेरचा शेजारी. कोणीच मोकळे नसेल तर किल्ली त्याच्याकडे.

रविवारी सकाळी मी कृतकृत्य होतो. सायंकाळी अकोल्यास बैठक, सोमवारी सकाळी खाते सोपवावयाचे. आपला आठवडा संपला की काय करावयाचे, याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. एकेक लेख उघडून, मनोमन नमस्कार करून, मी पुसत गेलो. तासभर लागला. शेवटी एकच ओळ लिहिली: "स्थान झाडून ठेवले आहे. पुढील यजमानांस नमस्कार." मग बडनेऱ्यावरून बस पकडली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत गुणगुणत होतो.

विद्यार्थिनीच्या वर्गात वीस-पंचवीस मंडळी जमली होती. भिंतीवर मोठा पडदा. तिने अभिमानाने खाते उघडले. पडद्यावर माझी ती एकच ओळ. खाली लोकांची उत्तरे मात्र पोरकी उभी होती. 'आमच्याकडे तर सगळेच सुतकात!' असे एकजण ओरडत होता. कशावरून, ते कळावयास मार्ग नव्हता.

"सर," ती हळूच म्हणाली, "बाकीचं कुठी गेलं?"

"निर्माल्य होते. उचलले."

त्यावर जो हशा उसळला तो मी जन्मात विसरणार नाही. ती एकटी हसली नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आपण काय केले, ते मला कळले. वाचावयास जे ठेवायचे होते, तेच मी धुऊन टाकले होते. तो तरुण म्हणाला, "आता काय वाचावं सर? फळा तं कोरा करून आनला तुमी."

"लेख पुसले," मी म्हणालो. "मुखोद्गत आहेत."

"प्रोग्रॅमसुद्धा?"

"त्यात कठीण ते काय? आपण टंकलेखनास बसा."

तो बसला, थट्टेच्या भावनेने. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि सोमवारपासून आरंभ केला. गद्य सोपे होते. प्रोग्रॅमच्या ओळींना मात्र मी आपोआप पाठशाळेतील चाल लावली. "व्हाइल, घर सुतकात, अपूर्णविराम. पुढील ओळ, चार जागा आत."

"सर, अपूर्णविराम म्हंजे?"

"एकावर एक दोन टिंबे."

"अस्सं सांगा ना बाप्पा!"

तिसऱ्या ओळीपासून मागचे बाक माझ्याबरोबर "चार जागा आत" म्हणू लागले. एका ठिकाणी मी अडखळलो, तर कोपऱ्यातून कोणी पुढचा शब्द दिला. त्याने तो मंगळवारी वाचला होता. गुरुवारची चूक आली तेव्हा आपण काय उत्तर दिले होते, ते ज्याने त्याने उठून सांगितले. माझी विद्यार्थिनी आता भिंतीला टेकून हसत होती आणि मोठ्याने "चार जागा आत" म्हणत होती.

तरुणाने शेवटची ओळ लिहिली. सहाही घरांना सुतक लावले आणि प्रोग्रॅम चालवला. सगळे बाकांवरून पुढे वाकले. पडद्यावर उमटले: भावकीबाहेरचा शेजारी. टाळ्या थांबल्यावर तो खुर्चीत वळला.

"म्याडम, तुमी काई सोडू नका. फक्त सरांच्या हातचा झाडू सोडवा."

सारा आठवडा त्यानेच पुन्हा खात्यावर चढवला. यजमानांसाठीच्या सूचनांत त्याच वेळी एक नवी ओळ पडली, 'जाताना काहीही साफ करू नये.' ती का लिहिली आहे, हे नव्या यजमानाला पहिल्याच दिवशी सांगतात, असे ऐकतो.

पासवर्ड मी सोमवारी सकाळी फोनवरून अंजनगावच्या बाईंना दिला. त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला आणि विचारले, "सर, माह्यासाठी झाडून-पुसून तं नाही ना ठेवलं?"

"नाही. सगळे जेथल्या तेथे आहे."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "मले रिकाम्या घरात करमत नाही."