मोजणीकाकांची चूक

जगाला डावी आणि उजवी अशा बाजू असतात, हे आमच्या मोजणीकाकांनी अखेरपर्यंत कबूल केलं नाही. त्यांच्या जगात फक्त दिशा होत्या. मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले हे वडिलांचे स्नेही आमच्याकडे जेवायला बसले, की "वहिनी, चटणी जरा ईशान्येला वाढा" म्हणायचे. आई वैतागायची. "भाऊजी, तुमचं ईशान्य तिकडं रानात. हितं ताट हाय!" होकायंत्र रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात असे. मुक्कामाला आले की आधी बाज फिरवून दक्षिणोत्तर करायची, मगच चहा. एकदा वारंगा फाट्यावर एका परगावच्या माणसाने नांदेडची एसटी कुठे लागते, एवढंच विचारलं. काकांनी कोळशाने जमिनीवर अख्खा फाटा काढला, उत्तरेचा बाण काढला, प्रमाणही लिहिलं. तेवढ्यात एसटी निघून गेली. "जाऊ द्या," काका म्हणाले, "आता जल्मात चुकणार न्हाई तुमी."

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. वडील जिनिंगमध्ये इंजिनाचे मिस्त्री. कुरुंद्याच्या पलीकडच्या तीन वस्त्यांत पिठाची गिरणी नव्हती, बायका डोक्यावर दळण घेऊन कुरुंद्याला जायच्या. वडिलांनी नोकरी सोडून तेलाच्या इंजिनावरची गिरणी टाकायचं ठरवलं. आमच्या घराचं सगळं त्या इंजिनावर लागलं होतं. गिरणी कुठे बसवायची, यावर तिन्ही वस्त्यांची ओढाताण सुरू झाली, म्हणून वडिलांनी मोजणीकाकांना रीतसर सल्लागार नेमलं. मानधन म्हणून रोज दोन वेळचं जेवण ठरलं. ईशान्येच्या चटणीसकट, असं आई म्हणायची.

काका जुने नकाशे घेऊन उन्हातान्हात हिंडले. साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या आणि तिन्ही वस्त्यांपासून अगदी सारख्या अंतरावरचा एक बिंदू काढला. "मिस्त्री, कोणाला एक पाऊल जास्ती न्हाई, कोणाला कमी न्हाई. याला न्याय म्हणतात!" तो बिंदू एका पडीक रानात पडला. रानमालकाने जागा हसत हसत दिली, तेव्हाच वडिलांना शंका यायला हवी होती. पण सल्ला मागायचा आणि मग तो मोडायचा, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

इंजिन बसलं, पाऊस झाला, पेरण्या झाल्या आणि गिरणी गप्प झाली. अंतर सगळ्यांना सारखं होतं, पण वाट कुठूनच नव्हती. बायका पाट्या घेऊन निघाल्या की बांधाबांधावरून ओरड व्हायची, "पेरलेल्या रानातून काहून चालल्या वं?" वडील रोज इंजिन पुसायचे आणि परत यायचे. मोजणीकाका जेवायला यायचे बंद झाले. आईने निरोप धाडला तरी आले नाहीत. त्यांच्याशिवाय आमच्या घरात सगळं नुसतं डावंउजवं झालं आणि ते आम्हाला कुणालाच बरं वाटेना.

पुढे एके दिवशी काका साखळी घेऊन रानात उतरल्याचं कळलं. त्या शिवारातले सगळे बांध नोकरीत असताना त्यांनीच मोजलेले आणि प्रत्येक शेतकऱ्याचं ठाम मत, की मोजणीदाराने शेजाऱ्याला झुकतं माप दिलं. काकांनी शेजाऱ्यांना जोडीजोडीने बांधावर उभं केलं. पुन्हा मोजल्यासारखं केलं आणि मान खाली घालून म्हणाले, "ही पट्टी तुमची बी न्हाई, याची बी न्हाई. पांदणीची हाय. त्या टायमाला मी चुकलो." शेतकरी चिडले, पण लगेच शेजाऱ्याचं तोंड बघून गार झाले. पट्टी आपल्याला नाही मिळाली तर नाही, त्याला तरी कुठे मिळाली! अशी एकेक पट्टी सुटत गेली आणि गाडीवाट थेट गिरणीपर्यंत आली.

पहिली बैलगाडी आली त्या दिवशी वडील काकांना म्हणाले, "साहेब, तुमची मोजणी बराबर होती. मला ठाऊक हाय."

"मोजणी बराबर होती, गिरणीची जागा चुकली," काका म्हणाले. "चूक तर माझीच ना? कुठली, ते त्या लोकायला कळून काय करायचं?" जन्मभर वीतभर फरक अंगाला लावून न घेणारा तो माणूस पिठाने पांढऱ्या झालेल्या बायकांकडे बघत राहिला. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला.

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या शिवारात त्यांचं नाव निघतं ते हसण्यावारीच. मी पांदणीने चाललो की बांधावरचा कोणीतरी हटकतो, "तुमच्या बापाचा तो मोजणीदार लई कच्चा होता राव!" खरं काय ते सांगून टाकावं, असं ओठांवर येतं. पण सांगितलं, तर उद्या सकाळी दोन्ही बाजूंनी काट्या पडतील आणि पांदण बंद होईल. म्हणून मी म्हणतो, "व्हय, कच्चाच होता," आणि त्या वाटेने चालत राहतो.