वर्ज्य म्हणजे वरचेवर

माझे यजमान टेलर होते. बाजारातील जिन्याखालच्या जागेत त्यांचे एक मशीन, एक कात्री आणि एक स्टूल होते. गिऱ्हाईकाचे माप ते फितीवाचून नजरेने सांगत व ते सहसा चुकत नसे. स्वतःच्या पोटाचे माप मात्र त्यांनी कधी घेतले नाही. तळणाशिवाय त्यांना घास उतरत नसे, आणि ताट समोर येताच चव न पाहता ते वरून मीठ घेत.

बावन्नाव्या वर्षी त्यांना दुकानात घेरी आली. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर आहाराचा एक छापील कागद दिला. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. यजमान चौथी शिकलेले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"अहो, नीट वाचा. रांधायचं मला आहे."

"पालेभाज्या, फळं, कडधान्यं. हे चालेल म्हणतात." मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हे बघ. वरून मीठ, खारवलेलं, तळलेलं, वर्ज्य."

"वर्ज्य म्हणजे?"

"वर्ज्य म्हणजे वरचेवर."

"लोक तर म्हणतात, मीठ कमी करा."

"लोक काय डॉक्टर लागून गेले? दिवसभर मशीन मारून घाम जातो, तो भरून नको काढायला? अगं, मी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस!" असे म्हणून ते पोट धरून हसले.

छापलेले खोटे नसते, अशी माझी समजूत होती. मी तो कागद डब्यांच्या फळीवर चिकटवला आणि नऊ वर्षे त्याप्रमाणे इमानाने स्वयंपाक केला. एखादे दिवशी तळण राहिले, तर मलाच चुटपुट लागे.

दहाव्या वर्षी कापड बेतताना त्यांच्या हातून कात्री पडली. उजवे अंग गेले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "दुसरा झटका ते सोसणार नाहीत. आता सगळं खाण्यावर आहे. कागद दिला होता ना?" मी "हो" म्हणाले, आणि घरी येऊन अधिकच काटेकोर झाले.

नणंद भेटीस आली. फळीवरचा मोठा डबा पाहून म्हणाली, "वहिनी, हे घर आहे की मिठागर? माझ्या भावाला मुरवलंस की गं!"

"वन्सं, कागदात तसंच लिहिलंय."

तीही माझ्यासारखीच निरक्षर. कागदाकडे पाहून तिने मान डोलावली.

औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला घरात कोणी उरले नव्हते, म्हणून मी दुपारच्या प्रौढ वर्गात नाव घातले. जोडाक्षरांच्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला. तो रोज डोळ्यांसमोर असल्याने मी हात वर केला. "वर्ज्य. म्हणजे वरचेवर."

बाई म्हणाल्या, "नाही आजी. वर्ज्य म्हणजे ज्याला शिवायचंही नाही ते."

घरी येऊन मी फळीसमोर उभी राहिले आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नंतर खाटेजवळ बसून विचारले, "अहो, तुम्हाला अर्थ ठाऊक होता, की नव्हता?"

त्यांचे अर्धे तोंड हलले. अर्ध्या चेहऱ्यावरून हसू आणि रडू वेगळे ओळखता येत नाही.

मी वहीचे पान फाडले, तोच शब्द स्वतःच्या हाताने लिहिला आणि मिठाच्या डब्याला, खाटेवरून दिसेल असा चिकटवला. रफार थोडा वाकडा गेला आहे. मग त्यांना भाजीचे अळणी पाणी चमच्याने भरवले. पहिला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. ते डब्याकडे पाहत होते. तो शब्द त्यांना वाचता येतो. वाचून दाखवता येत नाही.

मी चमचा हातात धरून थांबले. मग त्यांनी घोट गिळला.