भात शोधला, भाचा सापडला

गुरुजींनी आमच्या कॉम्प्युटरला पहिल्यांदा शोधायला सांगितलेला शब्द होता ‘पाणी’. कॉम्प्युटरने क्षणभर घुर्र केलं आणि उत्तर दिलं: पुणे. त्याखाली पेण. पाणी तिसऱ्या नंबरवर.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. “तुझ्या यंत्राला फिरायला जायचंय वाटतं,” ते म्हणाले.

मी उगाच माउस हलवला. मग ‘भांडी’ टाकून बघितलं. ‘भेंडी’ आली.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. भिवंडीत एका मेडिकल स्टोअरच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, एक इन्व्हर्टर आणि बऱ्यापैकी विद्यार्थिनी. गुरुजी मला शेलार गावच्या शाळेत चौथीला होते. निवृत्त होऊन ते अंबाडीला राहायला गेले आणि एक दिवस एसटीने क्लासवर आले, ते कापडी पिशवीत अकरा वह्या घेऊन. नोकरीत असताना गणेशपुरी-अंबाडीच्या आसपासच्या पाड्यांवर बायका जी गाणी म्हणत, ती त्यांनी ऐकून ऐकून उतरवून घेतली होती. गाणं कुठल्या पाड्यावर ऐकलं, कोणी म्हटलं, कुठल्या कामाच्या वेळी म्हणतात, सगळं शेजारी टिपलेलं.

“हे सगळं तुझ्या कॉम्प्युटरात घाल,” ते म्हणाले. “आणि एक शब्द सांगितला की तो असलेली सगळी गाणी समोर आली पाहिजेत. होईल?”

“होईल की,” मी म्हणाले. चौथीच्या गुरुजींना नाही म्हणायची हिंमत तिसाव्या वर्षीही नसते.

टायपिंगचं काम क्लासच्या मुलींनी सरावाचं म्हणून केलं. गुरुजींची एकच अट होती, वहीत आहे तस्संच उतरवायचं. एक मुलगी अडायची. “मॅडम, इथे स्पेलिंग गलत आहे, सुधारू का?” मी सांगायचे, “नको, जसं आहे तसं मार.” तिला ते पटायचं नाही, पण मारायची.

राहिला शोध. एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक फुकट सर्च इंजिन मिळालं होतं. जगभरातली माणसं हौसेने मिळून लिहीत होती. कोड सगळ्यांना खुला, कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा. मी ते बसवलं, गाणी त्यात ओतली, गुरुजींना बोलावलं आणि पाण्याच्या जागी पुणं दाखवलं.

दोष शोधायला मला तीन दिवस लागले. त्यातले निम्मे तास लोडशेडिंगने खाल्ले, म्हणून मी कोडची पानं छापून घेतली आणि खिडकीशी बसून पेन्सिलीने वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. ओळीचे शब्द तोडणारा जो भाग होता, त्याला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच वाटत नव्हती. स्वल्पविराम दिसावा तसा काना दिसला की तो तिथे शब्द तोडायचा. पाणीतला काना गेला, वेलांटी गेली, उरले ‘प’ आणि ‘ण’. पुण्याचेही तेच, पेणचेही तेच. म्हणजे अख्खी मराठी भाषा त्याने सोलून ठेवली होती.

मी एक ओळ बदलली. रोमन नसलेलं जे काही येईल ते अक्षर समज, असं सांगितलं. वीज आल्यावर चालवून बघितलं. पाणी म्हटलं की पाणी! मी खुर्चीवरून उठून क्लासमध्ये एक चक्कर मारून आले. मुली एक्सेलचा धडा सोडून माझ्याकडे बघत होत्या.

प्रकल्पाचा नियम असा की दुरुस्ती सापडली तर ती सगळ्यांसाठी पाठवायची. मी पाठवली. हा प्रकल्प सांभाळणारा मुख्य माणूस युरोपात कुठल्याशा थंड गावात राहायचा. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि ते साडेतीन ओळींचं होतं. तुमच्या बदलामुळे फ्रेंच मजकुरातली अवतरणचिन्हं शब्दांना चिकटायला लागली आहेत. शिवाय तुमचा बदल बरोबर आहे हे मला कसं कळावं, मला ही लिपी वाचता येत नाही. चाचणी कुठे आहे?

नमस्कार नाही, आभार नाहीत. मला इतका राग आला की दोन दिवस मी मेल उघडला नाही. मंगळवारी गुरुजी आले, त्यांचा यायचा वार ठरलेला होता. मी त्यांच्यापाशी सगळी तक्रार ओतली.

“चाचणी म्हणजे काय मागतोय तो?” गुरुजींनी विचारलं.

“म्हणजे काही शब्द द्यायचे, आणि त्यांची बरोबर उत्तरं आधीच लिहून द्यायची. कोडमध्ये कोणी काही बदललं की प्रोग्रॅम ते शब्द शोधून बघणार. उत्तर चुकलं की बदल नापास.”

“अगं मग परीक्षाच की ती! बरोबर बोलतोय माणूस. उत्तरपत्रिका तपासल्याशिवाय मार्क कसे देणार?” असं म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला आणि प्रश्नपत्रिका काढायला बसले. ‘शोधा: पाणी. सापडले पाहिजे: पाणी. सापडता कामा नये: पुणे, पेण.’ असे वीस प्रश्न. जोडाक्षरांचे वेगळे, रफाराचे वेगळे. ‘कर्म’ला ‘क्रम’ सापडता कामा नये म्हणे. मला हे सुचलंच नसतं.

ते वीस प्रश्न मी कोडमध्ये घातले, फ्रेंच चिन्हांचा घोळ निस्तरला आणि पुन्हा पाठवलं. या वेळी उत्तर एका ओळीचं होतं: घेतलं, चाचण्या उत्तम आहेत. मी ते छापून गुरुजींना दिलं. त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवलं.

मग मला चढलं. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण ‘गणेशपुरी’ शोधलं की ‘गणेशपुरीला’ आणि ‘गणेशपुरीत’ सापडत नव्हतं, आणि मराठीत नुसती गणेशपुरी कोण म्हणतं? माणूस गणेशपुरीला जातो, गणेशपुरीत राहतो, गणेशपुरीचा असतो. म्हणून मी शब्दांचे शेवट कापणारा एक भाग लिहिला. शेवटी त, ला, चा, ने दिसलं की उडव आणि उरलेला शब्द शोध. गणेशपुरी झकास सापडायला लागली. गुरुजींचे जुने वीस प्रश्नही पास झाले. मी त्यांना न दाखवताच ते प्रकल्पाला पाठवलं, ‘मराठी शोधात मोठी सुधारणा’ असं शीर्षक देऊन. ते नव्या आवृत्तीत गेलंसुद्धा. ती आवृत्ती सीडीवर घालून मी मंगळवारी गुरुजींकडे दिली. त्यांच्या घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर होता.

शुक्रवारी पोस्टकार्ड आलं. गुरुजींना फोनचा भरवसा नव्हता. बोललेलं विसरतं, लिहिलेलं राहतं, असं त्यांचं म्हणणं. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘चि. हिस आशीर्वाद. भात शोधला. भाचा सापडला. भाला सापडला. नंतर शेत शोधले. शेला सापडला. सर्व क्षेम. कळावे.’

मी कपाळावर हात मारला. भातातला त उडाला, भाच्यातला चा उडाला, भाल्यातला ला उडाला. तिघांचेही उरले नुसते ‘भा’. भाचे-भाल्यांच्या गर्दीत भातच हरवला होता, आणि हे सगळं मी मोठी सुधारणा म्हणून जगभर वाटलं होतं.

आता सगळ्यांच्या देखत ते कबूल करायचं होतं. प्रकल्पाच्या ई-मेल यादीवर शेकडो माणसं असत. मी चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. शेवटी गुरुजींच्या कार्डाचंच इंग्रजी केलं, भाला म्हणजे काय नि भाचा म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि खाली लिहिलं, माझा बदल चुकीचा आहे, कृपया काढून टाकावा.

वाटलं, आता काय ऐकावं लागतंय. तर मुख्य माणसाचं पहिल्यांदाच लांबलचक उत्तर आलं. इथे बसून मी खूप हसलो, त्याने लिहिलं होतं. मी लिहिलेल्या कोडपैकी परत घेतलेला जास्त आणि टिकलेला कमी आहे. तुमचे हे शिक्षक आमच्या सगळ्या तपासनिसांपेक्षा भारी आहेत, त्यांची पत्रं येतील तशी पाठवत जा.

मी पाठवत गेले. उपायही साधाच होता. शेवट कापल्यावर एकच अक्षर उरत असेल तर कापायचं नाही. भात भातच राहिला. त्यानंतर वर्षभर अंबाडीहून पोस्टकार्डं यायची आणि मी त्यांचं इंग्रजी करून यादीवर टाकायचे. यादीवरच्या एक बाई लिहायच्या की तुमच्या शिक्षकांच्या कार्डाची मी वाट बघते. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते नुसतं “हं” म्हणाले, पण पुढच्या कार्डावरचं अक्षर आणखी घोटीव होतं.

पुढच्या लग्नसराईत त्यांनी मला अंबाडीला बोलावलं. त्यांच्याकडे गणेशपुरीजवळच्या पाड्यावरची एक मावशी येणार होती. वह्यांतली निदान चाळीस गाणी तिची. तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या एका गाण्याच्या मधल्या दोन ओळी तिला आठवत नव्हत्या. गुरुजींनी लिहून घेतलेलं आहे तर काढून द्या, एवढंच तिचं काम होतं.

मी पोचले तेव्हा मावशी उंबऱ्यात बसून चहा पीत होती. मला बघून म्हणाली, “तू व्हय कॉम्प्युटरवाली? मंग काढ. हलदीचा गाना हाय.”

मी ऐटीत बसले आणि टाइप केलं. गुरुजींच्या टिपा आल्या, हळदीचा समारंभ, हळदीचा मांडव. गाणं एकही नाही.

“न्हाय?” मावशी म्हणाली.

“असणारच,” गुरुजी म्हणाले. “सातव्या वहीत आहे. मी स्वतः लिहिलंय.” ते उठून माझ्या मागे आले आणि पडद्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “ती काय म्हणाली?”

“हळद.”

“नाही. ती काय म्हणाली?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती ‘हलद’ म्हणाली होती. माझ्या कानांनी हलद ऐकलं आणि बोटांनी हळद लिहिलं. आमच्या घरीही हलदच म्हणतात. माझी आई अजून हाय-न्हाय बोलते. मीही चौथीपर्यंत तसंच बोलायचे.

“मीच शिकवलं तुला ते,” गुरुजी म्हणाले. “हलद म्हटलंस की दहा वेळा हळद लिहायला लावायचो. आठवतं?”

आठवत होतं.

“नोकरीभर तुमची बोली दुरुस्त करत बसलो. आणि शनिवारी-रविवारी तीच बोली ऐकायला पाड्यावर जायचो.” ते हसले, पण नेहमीसारखे नाही. “चुकीचं होतं असंही म्हणवत नाही बघ. पेपरात हलद लिहून कोण पास झालं असतं? पण सांगायला हवं होतं की हे दुसरं आहे, चूक नाही.”

“गुर्जी, गाना काढताय ना?” मावशीने उंबऱ्यातून विचारलं. तिला संध्याकाळची गाडी गाठायची होती.

मी ‘हलद’ लिहिलं. गाणं आलं. मी वाचायला लागले, मधल्या दोन ओळींशी पोचले आणि मावशीने तोंडाला पदर लावला. “ह्याच! ह्याच गो बाय!” मग लगेच भुवया चढवल्या. “पन खालचा चुकलाय. नवरीची मामी पयली येते, काकी मागशी. गुर्जी, तुमी उलटा लिवलाय.”

गुरुजींनी निमूटपणे सातवी वही काढली आणि ओळ खोडून पुन्हा लिहिली. मी कॉम्प्युटरात बदलली.

हळद लिहिणाऱ्याला हलद सापडावी, ण लिहिणाऱ्याला न सापडावा, हे काम नंतर मला महिनाभर पुरलं. सरसकट एकच मानलं तर ‘काळ’ शोधताना ‘काल’ येतो आणि ‘मण’ शोधताना ‘मन’. शेवटी गुरुजींनीच निकाल दिला: आधी लिहिलंय तसं दाखव, त्याच्याखाली उच्चाराने जवळचं. थंड गावातल्या माणसाने ते विनातक्रार घेतलं आणि विचारलं की आमच्याकडेही खेड्यातली बोली अशीच वेगळी आहे, हे तिच्यासाठी वापरता येईल का. मी म्हटलं, बघा की करून.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मावशीने मला गाणं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती जवळ येऊन बसली.

“वाचतेस चांगली,” ती म्हणाली. “आता म्हन.”

“मला गाता येत नाही, मावशी.”

“लगनात काय वाचून दावनार हायेस? म्हन.”

मी म्हटलं. आवाज पहिल्याच ओळीला फाटला. मावशी पोट धरून हसली आणि तिने वरचा सूर धरला, मी खालून कसाबसा ओढत राहिले. गुरुजी भिंतीला टेकून बोटांनी ताल धरत होते आणि मधेच एका शब्दाला थांबवून म्हणाले, “हळद नाही पोरी, हलद. पुन्हा म्हण.”